वऱ्हाडाची याद

लग्नपत्रिकेवरून एक शब्द हल्ली नाहीसा झाला आहे, जानवसा. ‘जन्य’ म्हणजे नवरदेवाबरोबर आलेली माणसं आणि त्यांचा जिथं वास ते घर म्हणजे जानवसा, अशी त्याची फोड सांगतात. आपल्या लग्नातले निम्मे विधी या प्रवासातून आणि मुक्कामातून आले आहेत. सीमांतपूजन म्हणजे गावाच्या शिवेवर आलेल्या वऱ्हाडाला सामोरं जाणं. दोन दिवसांची धूळ अंगावर घेऊन आलेल्या माणसांना पाय धुवायला पाणी देणं, ही त्या पूजेमागची साधी गोष्ट. रुखवत म्हणजे जानवशावर उतरलेल्या नवरदेवासाठी मुलीकडून पाठवलेला फराळ. आज सीमांतपूजन कार्यालयाच्या दारात होतं आणि रुखवत टेबलावर मांडून ठेवतात, त्याला कोणी हात लावत नाही. प्रवास संपला, विधी राहिले.

गंमत अशी की गेल्या काही वर्षांत प्रवास पुन्हा आला. कोल्हापुरातली मुलं-मुली लग्न समुद्रावर करू लागली. कुणाचं तारकर्लीला, कुणाचं गणपतीपुळ्याला, कुणाचं गोव्यात. मंगलाष्टकं लिहून द्या म्हणून माझ्याकडेही निरोप येतात. मुसलमान कवीकडून मंगलाष्टकं घेण्यात इथं कुणाला अवघड वाटत नाही, हे कोल्हापूरचं मोठेपण. त्या निमित्तानं मी या घरांत बसतो आणि काय बघतो? मुहूर्त, कपडे, जेवण ही बोलणी तासाभरात आटोपतात. सगळी रात्र जाते ती दोन प्रश्नांवर. माणसं न्यायची कशी आणि उतरवायची कुठं? म्हणजे जानवसाच, नाव तेवढं गेलं आहे.

या प्रश्नाचा मोठा लेखी नमुना पेशवाईत सापडतो. १७८३ च्या फेब्रुवारीत पुण्यात सवाई माधवरावांचं लग्न झालं. नवरदेव नवव्या वर्षात, त्यामुळे सगळा कारभार नाना फडणवीसांचा. त्या लग्नाच्या व्यवस्थेची नानांनी करवलेली तपशीलवार याद प्रसिद्ध आहे. पाहुण्यांचं स्वागत, पंगती, रस्त्यांची निगा, बंदोबस्त, कोणतं काम कोणाकडे, असा सगळा विचार तिच्यात आहे. आजचे लग्नाचे ठेकेदार संगणकावर जे तक्ते करतात, त्यांचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही.

पण दरबाराला कारकून होते. खेड्यात कोण होतं? तिथली याद तोंडी असे. लग्न ठरलं की भावकी बसायची आणि घरटी माणसं वाटून घ्यायची. चार माणसं याच्याकडे, सहा त्याच्याकडे, म्हातारी माणसं विहिरीजवळच्या घरात, तरणी पोरं तालमीत किंवा देवळाच्या ओवरीत. वाकळा, घोंगड्या, जाजमं, पितळी भांडी घराघरातून गोळा व्हायची आणि ओळख पटावी म्हणून भांड्यांवर नावं घातलेली असायची. शाळा बांधल्या गेल्या तशी मे महिन्याच्या सुट्टीत शाळेची खोलीही जानवसा झाली. आमच्या मुसलमानांच्या लग्नातही हेच. मांडव तोच, हळद तीच, निकाहाला आलेली बारात शेजारच्या मराठ्याच्या सोप्यात झोपलेली. आणि या यादीत माणसांच्या बरोबरीनं एक बाब न चुकता असे ती म्हणजे बैलांची वैरण. वऱ्हाड किती गाड्यांचं, म्हणजे बैल किती, ते बांधायचे कुठं, पाणी कुठं पाजायचं. घाट चढून आलेला बैल उपाशी ठेवला तर परत जाताना तो मध्येच बसेल, हे ठाऊक असायला शाळा शिकावी लागत नसे.

या आठवणींना फार गोड करून सांगण्यात अर्थ नाही. जानवशावर आतिथ्य असे तसा जुलूमही असे. पाणी कोमट का, पान लावलेलं का नाही, अशा कारणावरून वरपक्ष रुसून बसायचा आणि मुलीचा बाप पागोटं हातात घेऊन उभा राहायचा. उतरण्याच्या जागा जातीप्रमाणे वेगळ्या, पंगतीही वेगळ्या. रात्रभर चुलीपुढं बसलेल्या बायकांची गणती कोणत्याच यादीत नसे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढल्यावर कमी खर्चातल्या, भटजीवाचून लागणाऱ्या लग्नांचा जो आग्रह धरला, त्यामागे लग्नापायी कर्जात बुडणारा हाच बाप होता. आजचं समुद्रावरचं लग्न बऱ्याच घरांत दोन्हीकडची मंडळी निम्मा-निम्मा खर्च वाटून करतात. मला ही सुधारणा मोठी वाटते. तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

वाहनं बदलली तशी याद बदलली. शाहू महाराजांचं लग्न १ एप्रिल १८९१ रोजी झालं. मुलगी बडोद्याच्या खानविलकरांची, लक्ष्मीबाई. त्याच वर्षी मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि कोल्हापूरला देशावरच्या वऱ्हाडांसाठी वाट मोकळी झाली. कोकणाकडे मात्र रूळ गेले नाहीत. सह्याद्री आडवा होता. मुंबईकडून कोकणात जाणारं वऱ्हाड आगबोटीनं जाई. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत वेंगुर्ल्याकडे जात. बोट धक्क्याला लागत नसे. ती समुद्रात उभी राही आणि शालू नेसलेल्या बायका, ट्रंका, पोरंबाळं छोट्या पडावात उतरवून किनाऱ्याला आणावी लागत. पावसाळ्यात बोटी बंद, आणि चातुर्मासात लग्नंही बंद. पंचांग आणि समुद्र यांचं इतकं एकमत दुसऱ्या कुठल्या गोष्टीत नसेल. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली आणि ही बाजू सोपी झाली.

कोल्हापूरकरांना मात्र घाटच. आंबा, अणुस्कुरा, करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेचं नाव २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आलं, पण त्या मार्गानं अजून एकही वऱ्हाड गेलेलं नाही. बैलगाडीनंतर आपल्याला खरं वाहन मिळालं ते एसटीचं. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढच्या वर्षी १ मार्चला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. मग ‘प्रासंगिक करार’ हा शब्द खेड्यापाड्यात पोहोचला. सरकारी कागदावरच्या या रुक्ष शब्दाचा घरोघरी अर्थ एकच होता, लग्नाची गाडी. पुढं केळीचे खुंट बांधलेली, टपावर ट्रंका आणि तांब्याचे हंडे चढवलेली एसटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अधिक सांगायला नको. त्या गाडीत जागा मोजून होत्या, तरी माणूस मागं राहत नसे. तिघांच्या बाकावर पाच बसत आणि पोरं मांडीवर जात.

आता समुद्रावरच्या लग्नाचं बघा. कोल्हापूरहून गगनबावडा साधारण पंचावन्न किलोमीटर, मालवण सगळं मिळून दीडशेच्या आसपास. नकाशात हे अंतर किरकोळ वाटतं. पण वऱ्हाडाच्या गाडीला ते अर्धा दिवस खातं. नाश्त्याला थांबणं आलं, घाटात ज्यांना मळमळतं त्यांच्यासाठी थांबणं आलं, एक गाडी चुकून पुढं गेली म्हणून थांबणं आलं. २०२४ च्या सुरुवातीला करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बंद झाला तो वर्षभराहून अधिक काळ. तेव्हा ज्यांनी हॉटेलांना आगाऊ पैसे भरले होते त्यांची वऱ्हाडं दुसऱ्या घाटांकडे वळली आणि मुहूर्ताचा हिशेब नव्यानं मांडावा लागला. घाट चालू आहे का, ही चौकशी अक्षता पडायच्या दिवशी सकाळी करून उपयोग नसतो.

समुद्राचंही एक पंचांग आहे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढं सरकते आणि पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाण येतं. देशावरचा माणूस संध्याकाळचा मुहूर्त धरतो, सूर्यास्ताचे फोटो डोळ्यापुढं आणतो आणि मांडव वाळूत घालतो. भरतीची वेळ नेमकी तीच निघाली तर पाणी खुर्च्यांपर्यंत येऊन अक्षता घेऊन जातं. तिथल्या कोणत्याही मच्छीमाराला विचारलं असतं तर त्यानं बोटानं रेघ ओढून दाखवली असती.

खोल्यांचा प्रश्न याहून नाजूक. दुपारी खोली ताब्यात मिळणार आणि वऱ्हाड सकाळी अकराला पोचणार, या तीन तासांत साठ माणसं बसवायची कुठं? एका खोलीत दोन-तीन माणसं, म्हणजे कोण कोणाबरोबर? जुन्या जानवशात चाळीस माणसं एका जाजमावर झोपत, त्यात कुणाचं कुणाशी वाकडं असलं तरी लपून जाई. दोन पलंगांच्या खोलीत ते लपत नाही. एका घरी मी या विषयावर दोन मामांची नावं तीन वेळा खोडलेली पाहिली. शिवाय कोल्हापूरचा पाहुणा समुद्रावर पोचून सुरमई खाऊन झाल्यावर तांबड्या रश्श्याची चौकशी करतो, ते वेगळंच.

पण खरा बदल इथं आहे. जुनी याद माणसांवरून जागा ठरवत होती, नवी याद जागेवरून माणसं ठरवते. चाळीस खोल्या म्हणजे शंभर माणसं. मग शंभरात कोण? यादीला कात्री पूर्वीही लागली. धान्यटंचाईच्या काळात सरकारनं लग्नातल्या पाहुण्यांवर मर्यादा घातल्या होत्या. करोनात २०२० मध्ये पन्नास माणसांची आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये पंचवीस माणसांची, तीही दोन तासांत, अशी अट महाराष्ट्रानं सोसली. पण ती कात्री सरकारची होती, तिचा राग कुणी घरावर काढला नाही. आजची कात्री घरातली माणसं आपल्या हातानं चालवतात. गुडघे दुखतात म्हणून आत्याला घाट झेपणार नाही, हे आत्याला न विचारता ठरतं. गल्लीतली माणसं, कामावरच्या बायका, हळद दळून देणारी शेजारीण यांच्यासाठी ‘कोल्हापुरात मागाहून स्वागत समारंभ’ असतो. तिथं ती येतात, आहेर देतात, जेवतात. मुलगी मोठी होताना जिनं पाहिली, तिला सप्तपदी मोबाइलवर दाखवतात. मला विचाराल तर खोल्या दहा कमी घ्याव्यात, थोड्या साध्या घ्याव्यात, पण या माणसांसाठी एक गाडी वेगळी करावी. सकाळी निघून रात्री मुक्कामाला परत न येता दुसऱ्या दिवशी दुपारी परतणारी.

आणि उतरायला जागा आहे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पर्यटन महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेनं घरातल्या दोन-चार खोल्या पाहुण्यांना देण्याची वाट दाखवली. तारकर्ली, देवबाग भागात आज घरोघरी अशा खोल्या आहेत. वऱ्हाड मोठं असलं की ते पाच-सात घरांत वाटलं जातं. घरटी सहा माणसं, सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी सोलकढी. आमच्या खेड्यातल्या भावकीनं जे वाटप केलं असतं तेच, फक्त आता त्याची पावती मिळते आणि चुलीपुढच्या बाईच्या हातात पैसे पडतात. हॉटेलात कोमेजून बसलेल्या म्हाताऱ्या अशा घरांच्या पडवीत खुलतात. मालवणीतली वाक्यं त्यांना निम्मीच कळतात, पण घरधनीण आणि त्या मिळून लसूण सोलत बसतात.

फक्त बैलांची वैरण या नव्या यादीतून गळली आहे. गाडीचा चालक कुठं झोपणार, याचा रकाना मी अजून फार थोड्या याद्यांत पाहिला. तो रात्री गाडीतच, डासांत, मागच्या सीटवर पाय दुमडून पडतो. वरातीच्या कर्ण्यानं त्याला दोनपर्यंत झोप नसते. पहाटे पाचला कुणीतरी काचेवर टकटक करतं, कारण कुणाला तरी सोमवारी कामावर हजर व्हायचं असतं. मग तो तोंडावर पाणी मारून पन्नास माणसांना घेऊन धुक्यातला घाट चढायला लागतो. त्याच्यासाठी एक खाट, वेळेवर ताट, आणि परतीची वेळ उजाडल्यानंतरची, एवढं पत्रिका छापायच्या आधी लिहून ठेवायला एक ओळ पुरते.