बर्फाने बंद पाडलेल्या पाच गाड्या : २००९ साली समुद्राखालच्या बोगद्यात नेमकं काय घडलं?

नाताळ आठवड्यावर आलेला. कुणी सुट्टीसाठी निघालेलं, कुणी घरी परतणारं. १८ डिसेंबर २००९ च्या संध्याकाळी लंडनकडे निघालेल्या युरोस्टारच्या पाच गाड्या एकामागोमाग इंग्लंड आणि फ्रान्सला जोडणाऱ्या चॅनल टनेलमध्ये बंद पडल्या. दोन हजारांहून अधिक प्रवासी अडकले आणि काहींची सुटका व्हायला तब्बल १६ तास लागले.

गाड्या बंद का पडल्या?

दोष थंडीचा होताच, पण एकट्या थंडीचा नाही. उत्तर फ्रान्समध्ये त्या दिवशी भुरभुरीत, पिठासारखा बारीक बर्फ पडत होता. हा बर्फ इंजिनाच्या डब्यात शिरला. बाहेर तापमान शून्याखाली, तर बोगद्यात साधारण २५ अंश सेल्सिअस. गाडी आत शिरताच बर्फ वितळला, ओल धरली आणि विजेची यंत्रणा बंद पडली. हिवाळ्यासाठी गाड्यांची तयारी केलेली होती, पण एवढ्या बारीक बर्फापुढे ती अपुरी ठरली.

आत काय परिस्थिती होती?

वीज गेली की दिवे जातात, त्यासोबत हवा खेळती ठेवणारी यंत्रणाही थांबते. गच्च भरलेले डबे तापू लागले. लहान मुलं आणि म्हातारी माणसं हैराण झाली. खाणं-पाणी संपत आलं, स्वच्छतागृहं तुंबली. सगळ्यात मोठा त्रास मात्र वेगळाच होता: काय झालंय आणि कधी सुटणार, हे सांगणारं कुणी नव्हतं.

सुटका कशी झाली?

सुमारे ५० किलोमीटर लांबीच्या या मार्गात रेल्वेचे दोन बोगदे आहेत आणि त्यांच्या मधोमध देखभालीसाठी तिसरा. त्यामुळे एका बोगद्यात अडकलेल्या माणसांना मधल्या बोगद्यातून पलीकडे नेता येतं. काही प्रवाशांना असंच गाडीतून उतरवून, गाड्या वाहून नेणाऱ्या शटल रेल्वेत बसवण्यात आलं. बाकीच्या गाड्या डिझेल इंजिन लावून बाहेर काढाव्या लागल्या. युरोस्टारची सेवा तीन दिवस बंद राहिली आणि २२ डिसेंबरला हळूहळू सुरू झाली.

चौकशीत काय निघालं?

क्रिस्टोफर गार्नेट आणि क्लोद ग्रेसिए यांचा स्वतंत्र अहवाल फेब्रुवारी २०१० मध्ये आला. बर्फापासून गाड्यांचं संरक्षण कमी पडलं, हे त्यात होतंच. पण त्याहून कडक ताशेरे तयारीवर होते: एकाच वेळी अनेक गाड्या अडकल्या तर काय करायचं, याची पुरेशी योजना नव्हती आणि प्रवाशांना माहिती देण्यातही मोठी ढिलाई झाली. गाड्यांची दुरुस्ती, सुटकेची पद्धत आणि प्रवाशांशी संवाद या तिन्ही बाबतींत अहवालाने सुधारणा सुचवल्या.

यंत्र कधी ना कधी बिघडणारच. मात्र बंद गाडीतल्या माणसाला वेळेवर पाणी, मोकळी हवा आणि खरी माहिती मिळणं, हे यंत्राच्या नव्हे, माणसांच्या हातात असतं.