ब्रिक्स, पोल आणि रक्ताचा कॅन्सर

बारामती-इंदापूरकडच्या ऊसकऱ्याला ब्रिक्स समजावून सांगावं लागत नाही. रसाचे दोन थेंब काचेवर टाकायचे, डोळा लावायचा, आकडा वाचायचा. कारखान्याची लॅब मात्र तेवढ्यावर थांबत नाही. ब्रिक्समध्ये रसात विरघळलेलं सगळंच येतं. त्यात साखर किती, हे 'पोल' सांगतो. ल्युकेमियाच्या तपासण्यांचा इतिहासही मला असाच, ब्रिक्सकडून पोलकडे गेलेला वाटतो.

१८४५ साली एडिंबरोत बेनेट आणि बर्लिनमध्ये फिर्खो या दोघांनी या आजाराचं वर्णन केलं. 'ल्युकेमिया' म्हणजे पांढरं रक्त, हे नाव फिर्खोचं, १८४७ मधलं. इथली अडचण अशी की मोजायला बहुतेकदा गाठच नसते. आजार वाढला की घटला, हे रक्तालाच विचारायचं.

त्याच दशकात लंडनच्या बेन्स जोन्सला एका रुग्णाच्या लघवीत विचित्र प्रथिन सापडलं. गरम केल्यावर साकळायचं, उकळलं की पुन्हा विरघळायचं! तो आजार मायलोमा, ल्युकेमियाचा चुलतभाऊ. पण प्रथिन कॅन्सरची चुगली करतं, हे तेव्हा दिसलं.

पुढे रक्तातल्या एलडीएचसारख्या प्रथिनांचे आकडे हाती आले. पेशी फुटल्या की एलडीएच बाहेर पडतं. ल्युकेमियात ते वाढू शकतं, उपचार लागू पडले की उतरतं. पण यकृत बिघडलं तरी ते वाढतं. इतकंच काय, नमुना पुण्याला जाताना नळीतच तांबड्या पेशी फुटल्या, तरीही! आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरवर लोड दिसतोय, पण कुठल्या प्रोसेसचा ते कळत नाही. थोडक्यात, हा ब्रिक्स.

पोल मिळाला तो १९७५ नंतर. केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रथिनाला नेमकं ओळखणाऱ्या अँटिबॉडी बनवण्याची रीत शोधली. पेशींच्या अंगावरची प्रथिनं ओळखता येऊ लागली. १९८२ पासून त्यांना 'सीडी' क्रमांक मिळू लागले. सीडी१९ निरोगी बी-पेशींवरही असतं, म्हणून एकावर न विसंबता अनेक खुणा एकत्र वाचतात. फ्लो सायटोमीटर अशा रीतीने दहा हजारांत लपलेली एक रोगट पेशीही पकडू शकतो.

गंमत म्हणजे पुढे हीच खूण निशाणा झाली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशींना सीडी१९ ओळखायला शिकवून परत सोडतात. पण काही रुग्णांत आजार उलटतो तेव्हा रोगट पेशींनी सीडी१९ टाकूनच दिलेलं असतं. मग तपासणाऱ्याला दुसऱ्या खुणा शोधाव्या लागतात.

इंदापूरच्या रुग्णाला याचं काय? फ्लोच्या तपासणीला पेशी ताज्या लागतात. इंदापूर ते पुणे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या वर. नमुना वाटेत दोन-तीन दिवस रेंगाळून चालत नाही. तेव्हा रक्त किंवा बोन मॅरोचा नमुना देण्याआधी तो कधी निघणार, कधी पोचणार, हे लॅबला जरूर विचारा. आणि एकाच वाढलेल्या एलडीएचवरून धीर सोडू नका. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे फाईलला लावून डॉक्टरांपुढे ठेवा. एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल त्यांना जास्त सांगते.