पहिल्या धारेची गोष्ट: मोह, मडकं आणि 1892 चा कायदा

आजचा एपिसोड मित्रांच्या एका फर्माईशीवर. त्यांना घरी बिअर बनवायला शिकायचंय. एक रविवार, एक मोठं पातेलं आणि सगळी गँग, यूट्यूबवर अमेरिकन लोक गॅरेजमध्ये करतात तसं. आता अमेरिकेत ते चालतं, कारण 1978 च्या कायद्याने दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साधारण 750 लिटर बिअर बनवायची मुभा दिली. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे. विनापरवाना बनवली तर गुन्हा. त्यामुळे रविवार कॅन्सल.

पण हे असं झालं कधी?

घोडबंदर रोडच्या टॉवरमधून येऊरचे डोंगर दिसतात ना, त्या पट्ट्यात आणि पुढे सगळ्या ठाणे जिल्ह्याच्या जंगलात मोहाची झाडं आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात. ती वेचायची, वाळवायची, काही दिवस पाण्यात आंबवायची आणि मग मडक्यांवर मडकी रचून, वर गार पाणी ठेवून धार काढायची. आपण कशालाही ‘पहिल्या धारेची’ म्हणतो, तो शब्द इथलाच. ही विद्या कुठल्या पुस्तकात नव्हती. शेजारी बसून बघायचं आणि शिकायचं, म्हणजे माझ्या मित्रांना हवा होता अगदी तोच रविवार. वारली, कातकरी, ठाकर लोकांकडे लग्नात, देवाला, मयतीला हीच दारू लागायची. ताडीला तर तेवढीही खटपट नाही. सकाळची गोड नीरा हवेतल्या यीस्टने दुपारपर्यंत आपोआप चढते.

इंग्रजांना यात महसूल दिसला. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळायला परवाना आला, ताडाच्या झाडागणिक कर आला. (अमेरिकेने सूट दिली त्याच्या बरोबर 100 वर्षं आधी!) मोहाची दारू उरणच्या भट्ट्यांमध्ये गाळून दुकानांतून विकायची, अशी व्यवस्था बसवली. पण फुलं फुकट पडत असताना विकत कोण घेणार? म्हणून 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहफुलांचा कायदा आला. दारू सोडा, फुलं बाळगण्यावरच बंधनं. तीच फुलं टंचाईच्या दिवसांत लोक खायचे, हे सरकारला माहीत नव्हतं असं मला अजिबात वाटत नाही.

लोक दारू प्यायचे थांबले नाहीत. फक्त घरची दारू चोरीची झाली, आणि चोरीच्या मालात काय आहे हे पिणाऱ्याला कळायचा मार्ग उरला नाही. 2015 मध्ये डोंगरापलीकडे मालवणीत मिथेनॉलची दारू पिऊन 100 हून जास्त माणसं गेली.

2021 मध्ये राज्य सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंध उठवले. म्हणजे आता फुलं घरात ठेवता येतात. मडकं चुलीवर चढवायला मात्र अजूनही परवाना लागतो.