चिंपांझी आश्रयकेंद्राचे दैनंदिन कामकाज

चिंपांझी आश्रयकेंद्र : शिकारी, तस्कर, सर्कस, खाजगी मालक किंवा वैद्यकीय प्रयोगशाळा यांच्या ताब्यातून सुटलेल्या चिंपांझींचा आयुष्यभर सांभाळ करणारी संस्था. येथे प्राण्यांची पैदास वा विक्री केली जात नाही आणि त्यांचे प्रदर्शन हा संस्थेचा हेतू नसतो. बंदिवासातील चिंपांझी पन्नास-साठ वर्षे जगू शकतो. त्यामुळे सुटकेची कारवाई एका दिवसात आटोपली, तरी तिच्यातून उभी राहणारी जबाबदारी चार-पाच दशके पुरते. सुटकेची बातमी होते. त्यानंतरची सफाई, स्वयंपाक, कुलपे, औषधे आणि नोंदी यांची होत नाही. आश्रयकेंद्राची खरी पारख मात्र याच कामावरून होते.

पार्श्वभूमी : ही केंद्रे मुख्यतः दोन परिस्थितींतून निर्माण झाली. आफ्रिकेत मांसासाठी चिंपांझींची शिकार होते आणि मारलेल्या मादीला बिलगलेले पिल्लू जिवंत विकले जाते. अशा अनाथ पिल्लांसाठी झांबियातील चिमफुन्शी (१९८३), काँगो प्रजासत्ताकातील चिंपुंगा (१९९२), सिएरा लिओनमधील टाकुगामा (१९९५) आणि युगांडातील एनगांबा बेट (१९९८) ही केंद्रे सुरू झाली. आफ्रिकेतील अशा केंद्रांनी २००० मध्ये ‘पॅन आफ्रिकन सँक्च्युअरी अलायन्स’ हा महासंघ स्थापन केला.

अमेरिकेत प्रश्न वेगळा होता. तेथे अंतराळ मोहिमांसाठी आणि रोगसंशोधनासाठी शेकडो चिंपांझी वापरले गेले. काम संपल्यावर त्यांचे काय करायचे, याचे उत्तर कोणाजवळच नव्हते. २००० मध्ये झालेल्या कायद्याने प्रयोगांतून निवृत्त झालेल्या चिंपांझींसाठी सरकारी आश्रयव्यवस्थेची तरतूद केली. लुइझियाना राज्यातील ‘चिंप हेवन’ हे केंद्र त्या व्यवस्थेचा भाग असून तेथे २००५ पासून चिंपांझी येऊ लागले. फ्लॉरिडातील ‘सेव्ह द चिंप्स’ ही संस्था कॅरल नून यांनी १९९७ मध्ये स्थापन केली. २००२ मध्ये तिने न्यू मेक्सिकोतील एका बंद पडत चाललेल्या प्रयोगशाळेतील २६६ चिंपांझींची जबाबदारी एकदम स्वीकारली. त्यांतील शेवटचे प्राणी फ्लॉरिडाला पोहोचायला २०११ चा डिसेंबर उजाडला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये चिंपांझींवरील आपले प्रयोग पूर्णपणे थांबवले.

सकाळची मोजणी : दिवसाची सुरुवात हजेरीने होते. कोणत्याही दाराला हात लावण्यापूर्वी प्राणीरक्षक प्रत्येक चिंपांझीला नावानिशी पाहून घेतो. ही मोजणी डोकी मोजण्यापुरती नसते. कोण झोपेतून उशिरा उठला, कोणाच्या बोटाला जखम आहे, कोण नेहमीच्या सोबत्यापासून लांब बसला आहे, कोणी रात्रीचे खाणे तसेच ठेवले आहे, हे सारे वहीत उतरते. चिंपांझी आजार लपवतो, कारण अशक्तपणा दिसला की गटातील स्थान धोक्यात येते. म्हणून रक्तचाचणीच्या कितीतरी आधी आजाराचा सुगावा लागतो तो त्या प्राण्याला रोज पाहणाऱ्या माणसाला.

प्राणीरक्षकाला चिंपांझींची देहबोली शिकावी लागते. अंगावरचे केस ताठ उभे राहणे हे चिडल्याचे किंवा उत्तेजित झाल्याचे लक्षण असते. वरचे दात झाकलेले आणि खालचा जबडा सैल सोडलेला असेल, तर तो खेळाचा चेहरा. दोन्ही ओठ मागे ओढून सगळे दात दाखवणे ही मात्र बहुधा भीती असते. जाहिरातींत ‘हसणारा’ म्हणून दाखवला जाणारा चिंपांझी पुष्कळदा घाबरलेला असतो. नवख्या कर्मचाऱ्यांना म्हणूनच दात न दाखवता हसण्याची आणि जाळीसमोर ताठ उभे न राहता खाली बसण्याची सवय लावतात.

कुलपे, दरवाजे व कुंपण : प्रौढ चिंपांझीच्या स्नायूंची ताकद वजनाच्या मानाने माणसाच्या सुमारे दीडपट असते आणि त्याचे सुळे खोल जखम करतात. त्यामुळे बहुतेक केंद्रांत प्रौढ चिंपांझीच्या आवारात माणूस त्याच्यासोबत कधीच जात नाही. दोघांच्या मध्ये नेहमी जाळी असते. सफाईसाठी आधी प्राण्यांना शेजारच्या खोलीत बोलावतात, सरकता दरवाजा बंद करून कुलूप लावतात आणि पलीकडे किती प्राणी आहेत ते मोजतात. एकाने लावलेले कुलूप दुसऱ्याने ओढून पाहिल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकत नाही. हजाराव्या दिवशीही हा क्रम पहिल्या दिवसाइतक्याच सावधपणे पाळावा लागतो.

विजेच्या कुंपणाची फेरी हेही रोजचे काम. तारेतील दाब मोजायचा, तारेला टेकलेले गवत आणि वेली कापायच्या, वाकलेली फांदी छाटायची. चिंपांझींना पडलेली फांदी कुंपणाला शिडीसारखी टेकवण्याची युक्ती सुचते आणि वीज कधी नसते हेही ते ओळखतात. म्हणून वादळानंतर सगळे कुंपण तपासून झाल्याखेरीज त्यांना बाहेर सोडत नाहीत. चिंपांझींना पोहता येत नाही, त्यामुळे काही ठिकाणी कुंपणाऐवजी पाण्याचा उपयोग करतात : ‘सेव्ह द चिंप्स’मध्ये मानवनिर्मित बारा बेटे आहेत, तर एनगांबा हे व्हिक्टोरिया सरोवरातील नैसर्गिक बेटच आहे.

या शिस्तीची किंमत टाकुगामा केंद्राला २००६ मध्ये कळली. त्या वर्षी एप्रिलमध्ये ब्रुनो या प्रमुख नरासह ३१ चिंपांझी आवारातून निसटले. त्यांच्या हल्ल्यात एका स्थानिक वाहनचालकाचा मृत्यू झाला. बहुतेक चिंपांझी पुढे परत मिळाले. ब्रुनो मात्र पुन्हा दिसला नाही. अनेक केंद्रांत आज पलायनाचा सराव नियमितपणे होतो : कोणी शिट्टी वाजवायची, पाहुण्यांना कोठे न्यायचे आणि भूल देणारी बंदूक कोणाकडे राहणार, हे आधीच ठरलेले असते.

सफाई : कामाच्या तासांतील मोठा वाटा सफाईत जातो. रात्रीच्या खोल्यांतील विष्ठा, फळांच्या साली आणि ओला पेंढा गोळा करायचा, फरशी व जाळी घासून धुवायची, जंतुनाशक मारून ते पूर्ण धुऊन काढायचे, फरशी कोरडी करायची आणि नवा पेंढा पसरायचा. जंतुनाशकाचा वास मागे राहिला तर प्राण्यांच्या श्वसनाला त्रास होतो, म्हणून घाईने आटोपलेली सफाई निरुपयोगी ठरते. अमेरिकेतील केंद्रांत ब्लँकेटे धुण्याची यंत्रे दिवसभर चालू असतात, कारण पुष्कळ चिंपांझी रोज रात्री ब्लँकेटांचे घरटे करून झोपतात.

आहार : वन्य चिंपांझी दिवसाचा जवळजवळ निम्मा वेळ अन्न शोधण्यात व खाण्यात घालवतो. केंद्रात तेच अन्न एका पाटीत दिले, तर ते दहा मिनिटांत संपेल आणि त्यातले बहुतेक बलवान नर बळकावतील. म्हणून जेवण दिवसभरात अनेक वेळा, थोडे थोडे आणि आवारभर विखरून देतात. एनगांबा बेटाचे क्षेत्र सुमारे १०० एकर असून बराचसा भाग जंगल आहे; तरी तेथील जवळपास ५० चिंपांझींचे पोट त्या जंगलावर भरत नाही. कर्मचारी रोज कुंपणावरून फळे व भाज्या टाकतात आणि निवाऱ्यात लापशी देतात.

आफ्रिकेतील केंद्रे केळी, पपई, रताळी, भोपळा, कोबी असा माल जवळच्या शेतकऱ्यांकडून आणि बाजारातून घेतात. त्यामुळे आसपासच्या गावांना उत्पन्न मिळते आणि केंद्राविषयी आपुलकी वाढते. बाजारातील फळांत रानफळांपेक्षा साखर जास्त व तंतू कमी असतात. म्हणून फळे मोजकी देऊन पालेभाज्यांवर भर देतात. मधुमेही, दात पडलेले, अतिस्थूल अशा प्रत्येकाचे ताट वेगळे असते आणि त्याचा तक्ता स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलेला असतो.

मनाचे खाद्य : रिकामा वेळ हा बंदिवासातील चिंपांझीचा मोठा शत्रू आहे. वर्षानुवर्षे एकट्याने पिंजऱ्यात राहिलेले प्राणी डुलत बसतात किंवा स्वतःचे केस उपटतात. त्यांना गुंतवून ठेवण्यासाठी रोज काही नवे रचावे लागते. वाळवीचे कृत्रिम वारूळ हे याचे उत्तम उदाहरण. जेन गुडाल यांनी १९६० मध्ये टांझानियातील गोंबे येथे चिंपांझींना काडीने वारुळातून वाळवी काढताना पाहिले होते. केंद्रात सिमेंटच्या वारुळात नळ्या बसवून त्यांत मध किंवा टोमॅटोची चटणी भरतात. चिंपांझी फांदी निवडतो, पाने काढून टाकतो, टोक चावून त्याचा कुंचला करतो आणि नळीत घालून चाटतो. वारूळ नेहमीच्याच वेळी भरले, तर त्यातली उत्सुकता संपते. म्हणून वेळ, पदार्थ आणि जागा बदलत राहणे हेही कामाच्या वेळापत्रकात लिहिलेले असते.

यामागचे तत्त्व निवडीचे आहे. बाहेर जायचे की आत थांबायचे, कोणाजवळ बसायचे, हे शक्य तितके चिंपांझीनेच ठरवावे. प्रयोगशाळेत वाढलेले काही चिंपांझी पहिल्यांदा गवत पाहतात, तेव्हा दारातच थबकतात; एक पाय टेकवून मागे घेतात आणि पुन्हा सिमेंटवर येऊन बसतात. त्यांना कोणी ढकलत नाही. दार उघडे ठेवून वाट पाहणे, हेच अशा वेळी प्राणीरक्षकाचे काम असते.

आरोग्य : माणूस आणि चिंपांझी यांचे नाते इतके जवळचे आहे की माणसाची साधी सर्दी चिंपांझीच्या जिवावर बेतू शकते. युगांडातील किबाले जंगलात २०१३ मध्ये माणसांत सर्दी निर्माण करणाऱ्या विषाणूमुळे ५६ चिंपांझींच्या एका वन्य गटातील पाच जण दगावले. म्हणून केंद्रांत मुखपट्टी, हातमोजे, पादत्राणे बुडवण्याचे जंतुनाशक, कर्मचाऱ्यांचे लसीकरण व क्षयरोगाच्या चाचण्या यांबाबत सवलत नसते. आजारी कर्मचारी कामावर येत नाही. नव्याने आलेला चिंपांझी काही आठवडे ते तीन महिने विलगीकरणात राहतो.

बंदिवासातील चिंपांझींत हृदयविकार हे मृत्यूचे प्रमुख कारण आहे आणि हृदय कमजोर असताना भूल देणे धोक्याचे असते. यावर स्वेच्छेने तपासणी हा उपाय रूढ झाला आहे. प्राणीरक्षक जाळीपाशी बसतो आणि ठरलेली खूण करतो. चिंपांझीने दंड जाळीला टेकवला की लगेच आवडीचा खाऊ देतो. पुढे दंडाला बोथट काडी लावतात, मग सुई नसलेली सिरिंज आणि सरतेशेवटी खरी सुई. या एका इंजेक्शनच्या तयारीला काही महिने लागू शकतात आणि चिंपांझी उठून निघून गेला, तर त्या दिवसाचा सराव तेथेच संपतो. याच पद्धतीने छाती पुढे करून हृदयाची सोनोग्राफी करून घेणारे चिंपांझीही आहेत.

प्रजनन रोखण्यासाठी माद्यांच्या त्वचेखाली गर्भनिरोधक औषधाची कांडी बसवतात किंवा नरांची नसबंदी करतात. केंद्रात जन्मलेले पिल्लू आणखी पन्नास वर्षे बंदिवासात राहील आणि सुटका झालेल्या एकाची जागा अडवेल, हा त्यामागचा विचार आहे.

गटजुळवणी : चिंपांझी समूहात राहणारा प्राणी असल्यामुळे नव्या सदस्याला एकटे ठेवणे हीही एक शिक्षाच होते. परंतु अनोळखी प्रौढांना थेट एकत्र सोडले, तर रक्तपात होतो. म्हणून आधी जाळीआडून ओळख, मग एका शांत स्वभावाच्या सदस्याशी भेट आणि पुढे एकेक वाढवत पूर्ण गट, अशी पायरी ठरलेली असते. जाळीतून बोटे घालून दोघे परस्परांचे केस साफ करू लागले, की पुढचा दरवाजा उघडण्याची वेळ जवळ आली असे मानतात.

लहान अनाथांना तर आधी आईच लागते. चिंपांझीचे पिल्लू चार-पाच वर्षे दूध पिते आणि पहिले अनेक महिने आईच्या अंगावरून उतरत नाही. केंद्रातील परिचारिका अशा पिल्लाला दिवसभर पोटाशी बांधून वावरतात आणि त्याला बाटलीने दूध पाजतात. पिल्लू सावरले की त्याला समवयस्कांच्या गटात घालून माणसापासून हळूहळू दूर करतात, कारण माणसावर विसंबलेला चिंपांझी मोठेपणी आपल्या जातीत परका ठरतो.

संध्याकाळ व नोंदी : बहुतेक केंद्रांत सायंकाळी चिंपांझी निवाऱ्यात परततात. एनगांबा येथे त्यांच्यासाठी उंचावर झोळ्या टांगलेल्या असतात. पुन्हा मोजणी, पुन्हा कुलपे, पुन्हा दुसऱ्याची तपासणी. शेवटचे काम लेखणीचे : कोणी काय खाल्ले, कोणाचे कोणाशी भांडण झाले, कोणती मादी माजावर नसतानाही सुजली आहे, कोणत्या औषधाचा डोस राहिला. रात्रपाळीचा माणूस हे वाचल्याशिवाय काम हाती घेत नाही.

मर्यादा : पुनर्वसन करून चिंपांझींना जंगलात सोडण्याचे यश मर्यादित आहे. काँगो प्रजासत्ताकातील कोंकुआती येथे १९९६ पासून असे प्रयत्न झाले; परंतु सुरक्षित, अन्नाने भरलेले आणि वन्य चिंपांझींशी संघर्ष न होणारे जंगल सहसा मिळत नाही. बहुतेकांना केंद्रातच आयुष्य काढावे लागते आणि त्याचा खर्च मुख्यत्वे देणग्यांवर चालतो. केंद्राभोवतीचे जंगलही शाश्वत नसते. चिंपांझी २०१९ पासून सिएरा लिओनचा राष्ट्रीय प्राणी आहे. तरी परिसरातील जंगलतोड व अतिक्रमण यांच्या निषेधार्थ टाकुगामा केंद्राने मे २०२५ मध्ये पर्यटकांना प्रवेश बंद केला.

भारतात चिंपांझी निसर्गतः आढळत नाही, पण त्याच्या बेकायदा व्यापारापासून आपला देश अलिप्त नाही. २०१९ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने तस्करीच्या प्रकरणात तीन चिंपांझी जप्त केले. त्यांना कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात ठेवण्यात आले. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय करारात समाविष्ट असलेल्या विदेशी प्राण्यांच्या ताब्याची नोंदणी बंधनकारक केली. कपडे घातलेल्या, माणसाच्या मांडीवर बसलेल्या चिंपांझीची चित्रे पाहून हा प्राणी पाळण्याजोगा आहे आणि संकटात नाही, असा समज वाढतो, हे अभ्यासांतून दिसले आहे. अशी चित्रफीत पुढे न पाठवणे आणि असा प्राणी विक्रीस दिसल्यास वन विभागाला कळवणे, एवढे कोणालाही करता येते. आश्रयकेंद्रांची गरज कमी होण्याचा मार्ग तोच आहे.