चिकित्सक विचार : महाविद्यालयीन चिंतनटिपणातील व्याख्या

एखादे मत कशाच्या आधारावर उभे आहे आणि ते मान्य केले तर पुढे काय काय मान्य करावे लागते, याची नेटाने केलेली तपासणी म्हणजे चिकित्सक विचार. ही व्याख्या मुळात अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांची. 1910 साली ‘हाउ वी थिंक’ या पुस्तकात त्यांनी ती चिंतनशील विचारासाठी केली. चिंतन आणि चिकित्सक विचाराची व्याख्या यांचे नाते असे शंभराहून अधिक वर्षांचे आहे.

महाविद्यालयात हा विषय बहुधा सबमिशनच्या, म्हणजे चिंतनटिपणाच्या, रूपाने येतो. बी.एड.च्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात ‘वाचन आणि चिंतन’ हा स्वतंत्र भाग आहे आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही चिकित्सक विचारावर भर आहे. प्रश्न साधा असतो : चिकित्सक विचार म्हणजे काय, ते स्वतःच्या शब्दांत लिहा. उत्तर मात्र पुष्कळदा गाइडमधून, नाहीतर मागच्या वर्षीच्या जर्नलच्या झेरॉक्समधून उतरते. कोणतीही गोष्ट तपासल्याशिवाय स्वीकारू नये, हे वाक्य न तपासताच वहीत जाते!

ड्यूई मराठी विद्यार्थ्याला परके नाहीत. 1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकताना भीमराव आंबेडकर त्यांच्या वर्गात बसले होते. 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे भाषण होऊ शकले नाही. आंबेडकरांनी ते स्वतः छापले. त्यात त्यांनी ड्यूईंचे ऋण नाव घेऊन मान्य केले आहे. वारशाने आलेले सगळेच पुढच्या पिढीच्या हाती द्यायचे नसते, त्यातून निवड करायची असते, हा ड्यूईंचा शिक्षणविषयक मुद्दा आंबेडकरांनी जातिव्यवस्थेला लावला. एखादा विचार प्रत्यक्षात कसा वापरतात याचा यापेक्षा चांगला नमुना मराठी विद्यार्थ्याला शोधूनही सापडणार नाही. तरी चिंतनटिपणांत ड्यूई आणि आंबेडकर सहसा वेगवेगळ्या पानांवर असतात.

असा वापर करून पाहायला दूर जावे लागत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातले मोडनिंब हे पुणे–सोलापूर महामार्गावरचे आणि कुर्डुवाडी–पंढरपूर लोहमार्गावरचे गाव. अशा गावातून कॉलेजला जाणाऱ्या विद्यार्थ्याला तपासण्याजोगा दावा घराच्या बांधावरच मिळतो. बोअर घ्यायच्या आधी पाणाड्याला बोलावतात. तो हातावर नारळ घेऊन किंवा झाडाची दुबेळकी फांदी धरून रानात फिरतो. नारळ उभा राहिला, फांदी वाकली, की तिथे पॉइंट. पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसाला पाणी कळते, असेही जुने लोक सांगतात. “आमच्या चुलत्याच्या रानात त्यानेच सांगितलं, दोन इंची पाणी लागलं,” हा पुरावा समजला जातो.

चिकित्सक विचार इथे पाणाड्याला खोटा ठरवून सुरू होत नाही. तो आधी आकडे मागतो : त्याने दाखवलेल्या किती जागा फेल गेल्या? फेल गेलेल्या बोअरची आठवण कोण काढतो? त्याने नको म्हटलेल्या जागी कोणी खोदून पाहिले का? मग भूगर्भ येतो. सोलापूर जिल्ह्याच्या बहुतेक भागात काळा पाषाण आहे. त्यात पाणी सलग तळ्यासारखे साठत नाही. ते मुरमाच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत असते. त्यामुळे एका बोअरला पाणी आणि शेजारच्या बोअरमधून नुसता धुरळा, हे पाणाडी असला तरी घडते आणि नसला तरी. जमिनीचा विद्युत-रोध मोजून अंदाज देणारा भूजलतज्ज्ञही चुकू शकतो, पण त्याचा अंदाज कशावरून केला ते दुसऱ्याला तपासता येते.

जर्मनीत 1987–88 मध्ये म्युनिकजवळच्या एका कोठारात हीच परीक्षा झाली. खालच्या मजल्यावर पाण्याची नळी हवी तिथे सरकवायची, वरच्या मजल्यावरच्या पाणाड्याने तिची जागा सांगायची. सुमारे 500 जणांतून 43 निवडले गेले आणि 843 चाचण्या झाल्या. प्रयोग करणाऱ्यांनी निष्कर्ष काढला की मोजक्या काही जणांकडे खरे कौशल्य आहे. जिम एनराइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले आणि निकाल योगायोगापलीकडे जात नाहीत असे दाखवले. आकडे एकच, निष्कर्ष दोन. म्हणून आकडा मिळाला की विचार संपला, असेही नाही.

1990 साली पीटर फॅशिओन यांच्या पुढाकाराने 46 तज्ज्ञांनी चिकित्सक विचाराची सहमतीची व्याख्या तयार केली. तिच्यात अर्थ लावणे, विश्लेषण, मूल्यमापन, अनुमान आणि स्पष्टीकरण यांच्या जोडीला आत्मनियमन आहे, म्हणजे स्वतःच्या विचारावर पहारा. पहिली पाच कौशल्ये उत्तरपत्रिकेतही दिसू शकतात. सहाव्यासाठी चिंतनटिपणच हवे, कारण चुलत्याच्या बोअरवर आपला विश्वास का बसला होता, हे तिथेच लिहिता येते. शिक्षकाला न पटणारे मत लिहिले तर गुण जातील, ही भीती मात्र खरी असते आणि तिच्यावर व्याख्येत उपाय नाही.

चिकित्सक विचार असे सगळ्या विषयांना लागू पडणारे सर्वसाधारण कौशल्य असते का, यावरच अभ्यासकांत वाद आहे. रॉबर्ट एनिस असते असे मानत. जॉन मॅकपेक यांनी 1981 साली लिहिले की विचार नेहमी कशाचा तरी असतो आणि प्रत्येक विषयाची कसोटी निराळी. उदाहरणार्थ, इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात समकालीन पत्रांवरून बखरींतल्या चुका दाखवल्या. त्या कामाला मोडी वाचता यावी लागते, तारखा जुळवता याव्या लागतात. पाणाड्याचे फेल पॉइंट नेमके मोजणारा विद्यार्थी पानिपतावरची ‘भाऊसाहेबांची बखर’ तितक्याच सावधपणे वाचेल, याची मॅकपेक खात्री देत नाहीत. एनिस म्हणतील, निदान तो मूळ पत्र कुठे आहे हे विचारील.