ताईंची वही

दसरा होऊन गेलाय. बिंदुसरेच्या धरणाला पाठ करून तुम्ही बीड जिल्ह्यातल्या पालीत हमरस्त्यालगत उभे आहात. ऊसतोडीसाठी आगाऊ उचल घेतलेले कोयते ट्रकात चढताहेत. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीची, मजुरीही जोडीची. कडेवर भांड्यांचं बोचकं घेतलेल्या एका बाईला पाचवा महिना असावा. ट्रक धूर सोडतो, तुम्ही डोळे मिटता.

उघडता तेव्हा धूर चुलीचा असतो. १९९४ साल, पुणे जिल्ह्यातलं एक खेडं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातल्या एका ताईंमागून तुम्ही वाकून दारातून आत शिरता. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा सहा गावांतला हा अभ्यास मागच्या वर्षीच सुरू झालाय. घरातली सून अठरा आठवड्यांची गरोदर.

"काल काय काय खाल्लंस गं?"

ती सासूकडे बघते. "भाकरी. कालवण."

"दूध?"

"दूध डेअरीला जातं की," सासू म्हणते.

ताई लिहून घेतात. मग पाणी किती हंडे आणलं, रानात किती वेळ होतीस, तेही. बाईच्या कामाला इतक्या बारकाईनं कुणी वहीत घेतलेलं तुम्ही याआधी पाहिलं नसेल. गरोदर राहण्याआधी इथल्या बायकांचं सरासरी वजन जेमतेम ४२ किलो.

वहीची पानं पुढं उलटा. बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडातल्या साउदम्प्टनची साडेतीन किलोंची. पण इथल्या काटकुळ्या बाळांची कातडीखालची चरबी तेवढी घटलेली नाही, आणि पुढच्या मधुमेहाची शंका तिथूनच येते. २००१मध्ये छापलेला निष्कर्ष मात्र सासूबाईंना वाचून दाखवावा असा: आईच्या पोटात एकूण उष्मांक किती गेले, याचा बाळाच्या वजनाशी संबंध दिसला नाही; पण दूध, पालेभाज्या, फळं जास्त वेळा खाणाऱ्यांची बाळं मोठी होती. आणि ज्यांना अंगमेहनत जास्त, त्यांची लहान, हे दोन वर्षांनी छापून आलं.

पुन्हा पाली. २०१९मध्ये सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. खाडा झाला की पैसे कापतात, मग दुखणं अंगावर काढायचं, नाहीतर एकदाचं कापून टाकायचं.

ती बाई ट्रकात बसलीय. खाली मुकादम वही उघडून नावं वाचतोय. नावापुढं उचलीचा आकडा आहे.