आणखी चांगला आवाज: घरातल्या ध्वनियंत्रांचा इतिहास

घरी म्युझिक सिस्टीमचा शौक असलेल्या माणसाला एकदा विचारून बघा, आता समाधान झालं का? तो म्हणेल, जवळजवळ झालं. ॲम्प्लिफायर बदलला की स्पीकर कमी वाटायला लागतात, स्पीकर आणले की वायर स्वस्तातली वाटते. ही हौस आजकालची आहे असा आपला समज असतो. पण ती ध्वनिमुद्रणाइतकीच जुनी आहे.

१८७७ साली एडिसनने फोनोग्राफ केला. १९१५ पासून त्याची कंपनी अमेरिकेत जाहीर प्रयोग करू लागली. रंगमंचावर गायिका आणि शेजारी यंत्र, मधेच दिवे घालवायचे आणि लोकांनी ओळखायचं की कोण गातंय. लोक फसत होते! ॲना केस या गायिकेने पुढे सांगितलं की आपण आवाज यंत्राच्या आवाजाला जुळवून लावत होतो. म्हणजे १९१५ सालीच लोकांच्या मते आवाज 'हुबेहूब' झाला होता. त्यानंतरही शंभर वर्षं आपण यंत्रं बदलतोच आहोत.

या बदलांतले काही खरोखर गरजेचे होते, हे आधी मान्य करू. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत कोंबायचा! मायक्रोफोन नव्हता, गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचं. १९२५ च्या सुमारास विजेवरचं मुद्रण आलं आणि बारीक स्वरही पकडता येऊ लागले. १९४८ मध्ये एलपी आली, एका बाजूवर वीसेक मिनिटं मिळाली. १९५५ मध्ये अली अकबर खाँसाहेबांची एलपी अमेरिकेत निघाली, तेव्हा कुठे राग तबकडीवर पाय पसरून बसला.

पण आपल्या परभणीकडच्या खेड्यांत हा इतिहास वेगळ्या वाटेने गेला, आणि आज मला तेच सांगायचंय. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात. गावात वीज यायला त्यानंतरही पुष्कळ काळ गेला. व्हॉल्व्हचा रेडिओ म्हणजे पोस्टातून परवाना काढायचा, बॅटरीची सोय करायची. तो मोजक्या वाड्यांतच असायचा. मग ट्रान्झिस्टर आला. त्याचा स्पीकर तळहाताएवढा, आवाज चिरका. शौकिनाच्या हिशोबाने ही अधोगतीच! पण तो खांद्याला अडकवून शेतात नेता यायचा. कॅसेटचंही तसंच. १९६३ मध्ये फिलिप्सने ती आणली तेव्हा तिचा आवाज एलपीपेक्षा कमी प्रतीचा होता, मागे सतत सूं-सूं. पण लाल बटण दाबलं की आपला स्वतःचा आवाज भरता यायचा. सप्ताहातलं कीर्तन, भारूड, लग्नातली गाणी, आजीची ओवी, सगळं त्या सूं-सूंसकट घराघरांत साठलं.

ऐकणाऱ्याच्या हातात मुद्रण आलं, माझ्या मते ही या इतिहासातली सगळ्यांत मोठी सुधारणा. आणि ती कमी प्रतीच्या यंत्राने केली.

१९८२ मध्ये सीडी आली. माणसाचा कान साधारण वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो, तेही तरुणपणी. सीडी तिथवर पोचते. त्यानंतर अडचण मुख्यतः यंत्राची राहिली नाही, ती खोलीची आणि मूळ मुद्रणाची आहे. जुन्या माळवदाच्या घरात धान्याची पोती, गोधड्यांची चळत. आवाज त्यात मुरायचा. आता स्लॅब, गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती. खोली घुमते आणि दोष स्पीकरला. भिंतीवर एक जाड गोधडी टांगून बघा, मग दुकानात जा.

शेवटचा मुद्दा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यात आपल्या जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आहेत. त्यांचा आवाज आज ऐकता येतो, कारण कुणीतरी वेळेवर यंत्र घेऊन त्यांच्यापुढे बसलं. तुमच्या माळ्यावरच्या कॅसेटींमधल्या आवाजांसाठी मात्र कुणी संशोधक येणार नाही. फीत चिकटते, बुरशी धरते, आणि ती वाजवणारा डेक आपण नवी सिस्टीम घेताना भंगारात घातलेला असतो. प्रत्येक बदलाची ही किंमत जाहिरातीत कधी लिहिलेली नसते.

वालूरकरांना हे वेगळं सांगायला नको. तुमची चक्राकार बारव गाळाने भरली होती. तुम्ही गाळ काढला आणि ती पुन्हा दिसू लागली. तेव्हा पुढचा स्पीकर घ्या, जरूर घ्या. पण त्याआधी एक चालू डेक मिळवा, त्या कॅसेटी संगणकावर उतरवून घ्या, आणि कुणाचा आवाज, कुठल्या साली, एवढं लिहून ठेवा. नाहीतर आवाज स्वच्छ येईल, पण ऐकायला आपलं माणूस नसेल.